200 मीटर गेली म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. पुरुषांची एकेरी कॅनो होडीची 200 मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून गेली, हे तुझ्या मनाला फार लागलंय. त्यात घरचे विचारतात, ‘हा खेळ बघतं कोण?’ दोन्हींसाठी तुला रशियातल्या व्होल्गोग्रादच्या मक्सिम ओपालेव या कॅनोपटूबद्दल सांगावंसं वाटतं.

जन्म 1979 चा. 2000 ला सिडनीत एकेरी कॅनोच्या 500 मीटरमध्ये रौप्य. त्याच्या पुढे हंगेरीचा कोलोनिच, सुवर्ण त्याचं. त्या दिवशी वाऱ्याने असं छळलं की ओपालेवला 2 मिनिटं 25 सेकंद लागली. 2004 ला अथेन्समध्ये कांस्य. सुवर्ण मिळालं थेट 2008 ला, बीजिंगमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. वेळ 1 मिनिट 47 सेकंद! अंतर तेच, माणूस तोच. म्हणून नुसत्या घड्याळावरून स्वतःला जोखत जाऊ नकोस, आधी वारा बघ.

या काळात जागतिक स्पर्धांत तो जिंकतच होता, 200 मीटरमध्ये तर पुन्हा पुन्हा. पण 200 मीटर तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. ती आली 2012 ला, लंडनमध्ये, आणि तिच्यासाठी पुरुषांची एकेरी 500 काढली. म्हणजे त्याचं हुकमी अंतर आलं ते त्याची ऑलिम्पिक कारकीर्द आटोपल्यावर. आणि ज्यात सुवर्ण मिळवलं, ती शर्यत त्याच्या विजयानंतर ऑलिम्पिकमध्ये झालीच नाही. पुढे टोकियोत तुमची 200 गेली आणि महिलांची आली. ते योग्यच झालं, मुलींना कॅनोत तोवर ऑलिम्पिकचं दार बंद होतं. तुझं दुःख मला कळतं, तरीही हेच म्हणेन.

राहिली लोकप्रियता. रशियात गर्दी आइस हॉकीला आणि फिगर स्केटिंगला. कॅनोवाला लोकांना दिसतो चार वर्षांतून काही दिवस. हंगेरीत मात्र सेगेड शहरात पाण्याच्या काठावर या शर्यतींना लोक लोटतात, आणि तिथल्या जाणत्या माणसाला ओपालेव कोण हे सांगावं लागत नाही. तुला ओळखणारे असेच असतील, थोडे आणि जाणते. घरच्यांना हे स्पष्ट सांग, खोटी आशा दाखवू नकोस.

त्याची बीजिंगची शर्यत बघ. चेहरा नको, वल्ह्याचं पातं बघ. कॅनोत एका गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवायचं, सुकाणू नाही. होडी सरळ ठेवायची ती दर वेळी पातं बाहेर काढताना मनगटाच्या वळणाने. तुझं मनगट शेवटच्या पन्नास मीटरमध्ये सैल पडतं आणि होडी भरकटते. हे दुखणं 200 चं नाही, दमाचं आहे.

सोमवारपासून 1000 ची तयारी सुरू करू. 200 सोडायची नाही, जागतिक स्पर्धेत ती आहेच. पॅरिसला दुहेरीत 500 परत आली, तेव्हा जोडीदारही बघून ठेव. आणि गुडघ्याखालचा फोम बदल, जुना पार दबलाय.

तुझे,
सर