विवाह अधिकारी मांडवात येतात का?

प्रश्न : माझी मुलगी आणि तिचा होणारा नवरा दोघेही पुण्यात राहतात. दोघांचे धर्म वेगळे आहेत आणि दोन्ही घरांची संमती आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवेआगरला समुद्राकाठी लग्न करावे, अशी त्यांची इच्छा आहे. समारंभाचे काम घेणाऱ्यांनी आम्हाला एक गृहस्थ सुचवले आहेत. ते मानधन घेऊन सांगाल तिथे येतात, कोणत्याही धर्माचे विधी न करता लग्न लावतात आणि प्रमाणपत्रही देतात, असे कळले. असे लग्न कायद्याने ग्राह्य ठरते का? नसेल, तर सरकारी विवाह अधिकाऱ्यांना तिथे बोलावता येईल का?
– एक आई, पुणे

उत्तर : त्या गृहस्थांना अवश्य बोलवा, पण सूत्रसंचालक म्हणून. त्यांचे बोलणे गोड असेल, दोन्ही घरांच्या चालीरीती ते नीट जुळवूनही घेतील; मात्र लग्न लावण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नाही आणि त्यांनी दिलेल्या प्रमाणपत्राची किंमत सत्कारात मिळणाऱ्या मानपत्राहून अधिक नाही. पुढे पासपोर्टच्या वा व्हिसाच्या कामात हा कागद पुढे केला, तर तो पहिल्याच खिडकीवरून परत येईल.

दोघांपैकी कोणीही धर्म बदलणार नसल्यामुळे तुमच्यासाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ हाच सरळ मार्ग आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच कायद्याच्या कलम १२ मध्ये मिळते. विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा त्या कार्यालयापासून वाजवी अंतरावर, वधूवरांना हव्या त्या ठिकाणी, ठरवून दिलेले जादा शुल्क भरून विवाह लावता येतो, असे हे कलम सांगते. म्हणजे अधिकारी मांडवात येऊ शकतात. फक्त ते ‘ठरवायचे’ नसतात. त्यांना लेखी विनंती करायची असते, शुल्क शासनाकडे भरायचे असते आणि त्यांच्या सोयीची वेळ आपण सांभाळायची असते.

तुमची खरी अडचण अंतराची नसून जिल्ह्याची आहे. विवाहाची नोटीस, वधूवरांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात लगतपूर्वीचे तीस दिवस राहत असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. तुमच्या बाबतीत तो जिल्हा पुणे. ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा सुरू होतो आणि पुण्याच्या अधिकाऱ्यांचा अधिकार तिथे चालत नाही. त्यामुळे एक तर मुळशी किंवा लोणावळ्याकडचे, म्हणजे पुणे जिल्ह्यातलेच, ठिकाण निवडून तिथवर अधिकारी येतील का हे आधी विचारावे. नाहीतर पुण्यात कार्यालयात सह्या करून दोन दिवसांनी दिवेआगरला थाटात समारंभ करावा. मी दुसरा मार्ग सुचवेन. समुद्रावरच्या वाऱ्यात सरकारी कागद सांभाळत बसण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

आता तारखांचे गणित. नोटीस दिल्यानंतर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती नोटीस रद्द होऊन सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. समजा, ५ ऑक्टोबरला नोटीस दिली, तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते जानेवारीचा पहिला आठवडा एवढाच काळ हाताशी उरतो. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याच्या घाईत लोक हे विसरतात. कोणी वर्षभर आधी नोटीस द्यायला जातो, तर कोणी पत्रिका छापून झाल्यावर. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते.

समारंभ कसा करायचा याचे बंधन हा कायदा घालत नाही. हार घाला, मंगलाष्टका म्हणा किंवा नुसता चहा घ्या. पण अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत, ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ या अर्थाचे वाक्य नावानिशी म्हटल्याखेरीज तो विवाह पूर्ण होत नाही. मी पाहिलेल्या अशा एका लग्नात नवरीने हे वाक्य म्हटले आणि नेमकी त्याच क्षणी हौशी मामांनी सनईवाल्यांना खूण केली. अधिकारी बाईंनी शांतपणे हात वर करून सनई थांबवली आणि म्हणाल्या, ‘मला ऐकू आले नाही, पुन्हा म्हणा.’ तेव्हा कार्यालयात असो वा मांडवात, वाजंत्री सह्या झाल्यावर. तीन साक्षीदारांनी मूळ ओळखपत्रे आणि छायाचित्रे घेऊन वेळेआधी हजर राहायला हवे. चौथा माणूस तयार ठेवा. वाहतुकीत अडकणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो, होणारी सून तिथेच वाढलेली गुजराती मुलगी आहे. लग्नाच्या हॉलवर सरकारी रजिस्ट्रार येणार आहेत, पण त्यांच्यासमोर मंगलाष्टका म्हणता येणार नाहीत, असे त्यांनी कळवले. हा भेदभाव नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. इंग्लंडमध्ये नागरी विवाहात धार्मिक विधी चालत नाहीत आणि हा नियम ख्रिस्ती प्रार्थनेलाही तेवढाच लागू आहे. पूर्वी तिथे नागरी विवाह रजिस्ट्रारच्या कार्यालयातच लागत. १९९४ च्या कायद्याने मान्यताप्राप्त हॉटेले आणि हॉल यांची मुभा मिळाली. आपल्या १९५४ च्या कायद्याचे औदार्य अशा वेळी लक्षात येते.

स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी, म्हणजे कोणताही धर्म न मानणाऱ्या, संस्थांचे अधिकृत प्रतिनिधी लावतात ते लग्न कायदेशीर असते. इंग्लंडमध्ये मात्र असे लग्न कायद्याने ग्राह्य नाही, तेव्हा तिकडच्या एखाद्या नातेवाइकाचे ऐकून तिथे तसा माणूस ठरवू नका.

तुम्ही कार्यक्रमाचे दोन भाग करा. आधी रजिस्ट्रारांचा नागरी विवाह उरकून घ्या आणि ते निघाल्यावर अंतरपाट धरा. त्यांच्यासाठी दिलेली वेळ मात्र मुहूर्ताहून कडक समजा, कारण त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या हॉलवरही पोहोचायचे असू शकते. मंडपात आधीपासून मांडलेल्या गणपतीचे काय करायचे, हेही त्यांना पत्राने आधीच विचारून ठेवा.