प्रेक्षकांविना सामने कुणाला परवडतात?

प्रश्न : आमच्या गावात दिवाळीनंतर कबड्डीचे खुले सामने होतात. गर्दीचा व भांडणांचा ताप नको म्हणून यंदा प्रेक्षकांविना सामने घेऊन ते यूट्यूबवर दाखवावेत, असे मंडळातील तरुणांचे म्हणणे आहे. कोरोनाच्या काळात आयपीएल रिकाम्या मैदानांवर झाली, मग आपल्याला काय अडचण, असे ते विचारतात. यामागचा व्यवहार समजावून सांगावा. – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आयपीएलचे खरे गिऱ्हाईक म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणारी वाहिनी. 2018 ते 2022 या पाच हंगामांचे हक्क स्टार इंडियाने 16,347.50 कोटी रुपयांना घेतले होते. हंगामाला 60 सामने धरल्यास एका सामन्यामागे साधारण साडेचौपन्न कोटी रुपये पडतात. आता आपल्या नागपूरजवळचे जामठ्याचे मैदान घ्या. तेथे सुमारे 45,000 प्रेक्षक बसतात. सरासरी तिकीट एक हजाराचे धरले आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही असे मानले, तरी गल्ला साडेचार कोटींवर थांबतो. सामनाच रद्द झाला तर दोन्ही रकमा बुडतात. प्रेक्षकांविना झाला तर लहान बुडते आणि मोठी वाचते. म्हणूनच 2020 चा हंगाम संयुक्त अरब अमिरातीत नेऊन का होईना, पण पार पाडला गेला. प्रायोजकांचेही फारसे अडत नाही, कारण सीमारेषेवरचे फलक आणि जर्सीवरची नावे मुख्यतः कॅमेऱ्यासाठीच असतात. प्रो कबड्डीचा आठवा हंगामही डिसेंबर 2021 पासून बंगळुरूत एकाच ठिकाणी प्रेक्षकांविना झाला, त्यामुळे संघांना गावोगाव हलवण्याचा खर्चही टळला. मैदानाबाहेर टोप्या, झेंडे विकून पोट भरणाऱ्यांना मात्र या हिशेबात कुठेच जागा नव्हती, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आपल्या मंडळाचा व्यवहार याच्या अगदी उलट आहे. कृषी केंद्राचा मालक पहिले बक्षीस जाहीर करतो, ते त्याचे नाव माइकवरून पंचक्रोशीच्या कानावर पडावे म्हणून. कापसाचे पैसे हाती आलेला तोच शेतकरी उद्या रब्बीच्या खतासाठी त्याच्या दुकानात येणार असतो. ती माणसेच नसतील, तर बक्षिसाची रक्कम पहिल्यांदा आटेल, आणि बक्षीस आटले की बाहेरगावचे चांगले संघ येणार नाहीत. चहा-आलुबोंड्याच्या दुकानांचे भाडे जाईल, ते वेगळेच. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू व्हायला साधारणपणे 1,000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचे प्रेक्षण लागते. वर्षातून एकदा होणाऱ्या सामन्यांवर एवढे जमणे कठीण आहे.

तेव्हा प्रेक्षक ठेवावेतच. भांडणांसाठी मैदानाभोवती बांबूचे कठडे बांधावेत, पंच शक्यतो तालुक्याबाहेरचे बोलवावेत आणि बंदोबस्ताचा अर्ज पोलीस ठाण्यात वेळेवर द्यावा. तरुणांची यूट्यूबची हौस जोडीला जरूर पुरवावी. मात्र देणगीदारांचा फलक चित्रात येईल अशा जागी कॅमेरा लावावा, म्हणजे पुढच्या वर्षी देणगी मागायला जाताना दाखवण्यासारखे काही हाती राहील.