बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याची) सर्जरी झाली, पातळ आहार चालू आहे, 60 ग्रॅम प्रोटीन कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून बारीक नळीएवढं ठेवतात ती) होऊन सहा दिवस झाले, शाकाहारी आहात, डाएटिशियनने रोज किमान 60 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. घरचे वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी देतात, तेवढ्यानेच पोट गच्च होतं आणि प्रोटीन पावडरच्या वासाने उमासे येतात.

मी पण नाशिकचीच, इंदिरानगरची. माझी स्लीव्ह तीन वर्षांपूर्वी जानेवारीत झाली. डॉक्टर नाही, पण हे पंधरा दिवस वही-पेन घेऊन काढलेत, म्हणून लिहिते.

आधी घरच्यांचं बघू. आपल्याकडे आजारी माणसाला काय द्यायचं ते ठरलेलं असतं: भाताची पेज, वरणावरचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस. माझ्या सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात हे सगळं इतक्या मायेने केलं की नाही म्हणायला जीभ रेटेना. पण प्रोटीनच्या हिशोबात ही सगळी पाण्याचीच भावंडं. डाळीतलं प्रोटीन डाळीत राहतं, वरच्या निवळ पाण्यात नाममात्र उतरतं. नारळपाण्यात जवळजवळ नाहीच. दह्यात तिप्पट पाणी घालून केलेल्या ताकाच्या पेल्यात दीड-दोन ग्रॅम मिळालं तर मिळालं. पोट भरतं ते खरं, पण वहीतला आकडा हलत नाही.

आता जरा गणित करा, मी चौथ्या दिवशी केलं होतं. एका वेळी 30 मिली, दहा-पंधरा मिनिटांनी पुढचे 30. दिवसभर नेमाने घेत राहिलं तर कसंबसं दीड लिटर पोटात जातं. तो अख्खा दीड लिटर नुसतं दूध प्यायलात तरी 100 मिलीला साधारण सव्वातीन ग्रॅम या हिशोबाने 48-50 ग्रॅमच होतात. शिवाय साधं पाणीही त्याच दीड लिटरमध्ये बसवायचं. म्हणजे 60 ग्रॅम हवे असतील तर घोटाघोटात दुधापेक्षा जास्त प्रोटीन असलेलं काहीतरी लागणारच. पावडर टाळता येत नाही ती एवढ्यासाठी.

तुमच्या सर्जनच्या कागदावर ‘फुल लिक्विड’ (दूध-दह्यासारखे दाट पातळ पदार्थ) सुरू झालंय का, तेवढं आधी बघून घ्या. अजून ‘क्लिअर लिक्विड’ (नुसते निवळ, पारदर्शक पातळ पदार्थ) असेल तर दूध, दही थांबवा.

पावडरबद्दल सांगायचं तर माझी सुरुवात चुकली. यजमान कॉलनीतल्या जिमवाल्या मुलाला विचारून चॉकलेट फ्लेवरचा दोन किलोचा डबा घेऊन आले. नीट वाचलं तर तो मास गेनर निघाला, म्हणजे वजन वाढवायची पावडर! त्यात साखर आणि पिठूळ कार्बोहायड्रेटच जास्त. दुसऱ्यांदा आणला तो साधा व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची कमी शुद्ध केलेली पावडर. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंच असतं, आणि ऑपरेशननंतर अनेकांना दूध सोसत नाही. मला गुडगुड, गॅस, दोनदा जुलाब. तिसऱ्या खेपेला बिनचवीचा, म्हणजे अनफ्लेवर्ड, व्हे आयसोलेट (त्याच व्हेची जास्त शुद्ध केलेली पावडर) आणला आणि सगळं निवळलं. डब्यातल्या 30 ग्रॅमच्या मोठ्या चमच्याला 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, वरून घातलेली साखर नाही, लॅक्टोज अगदी थोडं. डब्यामागे ‘पर सर्व्हिंग’ काय लिहिलंय त्यासोबत चमचा किती ग्रॅमचा आहे तेही बघा, फसवणूक तिथेच होते. सीलबंद आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक असलेलाच घ्या. कोलॅजेन पावडरच्या नादी मात्र लागू नका, ते पूर्ण प्रोटीन नव्हे.

सासूबाईंना ‘डब्यातलं औषध’ पटत नव्हतं. पनीर करताना फडक्यातून जे हिरवट पाणी गळतं आणि आपण कणीक मळायला वापरतो, त्याच्याच भावकीतली ही पावडर, असं सांगितलं तेव्हा जरा नरमल्या.

वासाचं कारण बहुतेक व्हॅनिला-चॉकलेटचा गोडवा. जानेवारीत नाशिकची थंडी, अंगावर शाल, आणि समोर थंडगार गोड शेक! जिवाला हवं होतं गरम आणि खारट. त्यातून रविवारी समोरचे सगळे मिसळ खाऊन येणार आणि जिन्यात तर्रीचा वास. म्हणून मी पावडर मुगाच्या उकळत्या कढणात टाकली. दोन मिनिटांत त्याच्या गुठळ्या झाल्या, नासलेल्या दुधासारखं चोथापाणी. सासूबाई म्हणाल्या, “हे मांजरसुद्धा तोंडाला लावणार नाही.” खरंच नाही लावलं.

व्हे कडक गरम झाला की फुटतो. त्यामुळे आधी डब्यातल्या चमच्याने अर्धा चमचा पावडर घरच्या चार चमचे साध्या पाण्यात कालवायची, गुठळी मोडायची. कढण वेगळं उतरवून ठेवायचं. बोट आरामात बुडवता येईल इतकं कोमट झालं की त्यात ही पेस्ट हळूहळू ढवळायची. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. कढणासाठी मूगडाळ मऊ शिजवून मिक्सरमधून काढा आणि बारीक गाळणीतून गाळा. वरचं पाणी घेऊन डाळ टाकायची नाही, डाळच गाळणीतून दाबून उतरवायची. चवीला मीठ, जिरेपूड, बस. फोडणी, मिरची आता नको.

ताकाचंही तसंच. साय काढलेल्या दुधाचं दही रात्री फडक्यात टांगा, सकाळी चक्का होतो. पाणी गळून गेल्यामुळे त्यात दह्याच्या दुप्पट तरी प्रोटीन. श्रीखंडाचा चक्का आपण साखरेसाठी करतो, इथे त्यात पाणी, सैंधव, भाजल्या जिऱ्याची पूड घालून घुसळायचं, गाळायचं, वर अर्धा चमचा आयसोलेट. आंबटपणात पावडरचा वास बुडतो. दहाव्या दिवसापासून मी मुख्यतः यावरच होते.

एका दिवसाचं वहीतलं पान असं: आयसोलेट एकूण दोन चमचे, चार वेळा अर्धा-अर्धा विभागून, त्याचे 50 ग्रॅम. साय काढलेलं दूध 200 मिली, साडेसहा. चक्क्याचं ताक, चार-पाच. झाले साठ. मध्ये मध्ये साधं पाणी. दुधात दोन चमचे स्किम्ड मिल्क पावडर घातली तर आणखी चार-पाच ग्रॅमची भर पडते, पण दूध सोसत असेल तरच.

हे चौदाव्या दिवसाचं पान आहे बरं का. पाचव्या दिवशी माझ्या वहीत 28 होते आणि मी रडले होते. फोन केला तेव्हा डाएटिशियन म्हणाल्या, या आठवड्यात आधी पाणी सांभाळा, प्रोटीन रोज थोडं चढवत न्या. सहाव्या दिवशी 60 झाले नाहीत म्हणून भराभर ढोसू नका, उलटी होईल. मोजायला मी खोकल्याच्या औषधाचं टोपण वापरायचे. सासूबाई म्हणायच्या, तीर्थ घेतल्यासारखं घे. ती उपमा मला फार उपयोगी पडली: एक घोट, थांबायचं, मग दुसरा.

शेकर जोरात हलवला की फेस होतो आणि फेसातली हवा पोटात जाऊन कळ येते. हलवून दहा मिनिटं ठेवून द्या, फेस बसू द्या. स्ट्रॉ आणि सोडा बंद, कारण तेच.

अंडं चालत असेल तर पुढच्या टप्प्यात एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम मिळतात, आता कच्चं घालू नका. तुम्ही शाकाहारी लिहिलंय म्हणून पुढे जात नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांचा आकडा धरा.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. ताप, धडधड, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, किंवा पाणीसुद्धा ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर इथे प्रश्न विचारत बसू नका, सर्जनला लगेच फोन करा, रात्र असली तरी. उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं, त्याचा परिणाम थेट नसांवर आणि मेंदूवर होतो.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुधा गळतील. माझे न्हाणीघराच्या जाळीत पुंजकेच्या पुंजके सापडायचे. प्रोटीन पूर्ण घेऊनही अनेकांचे थोडे गळतात, नंतर बहुतेकदा परत येतात. प्रोटीन घ्यायचं ते मुख्यतः वजन उतरताना स्नायू झिजू नयेत आणि आतली जखम भरावी म्हणून.

डॉक्टरांनी मऊ गुळगुळीत आहार सुरू करायला सांगितला की दुधात घोटलेलं पनीर, दाट वरण येतं आणि मग हा हिशोब बराच सोपा होतो. तोवर पावडरची लहान पाकिटं किंवा सॅशे घ्या, दोन-तीन चवी बघा, मोठा डबा लगेच आणू नका. माझा तो मास गेनरचा डबा अजून घरात आहे. सासूबाई त्यात साबुदाणा ठेवतात.