मरीन ड्राइव्हच्या फूटपाथवर सायकल चालवली तर काय हरकत आहे?

तुम्ही मुंबईत नवीन आहात, सायकल नुकतीच घेतली आहे, रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटते. म्हणून विचारताय की समुद्राकडचा एवढा रुंद फूटपाथ आहे, तर चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी मिळून का वापरू नये.

हरकत आहे. आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण हा विषय आमच्या घरात जेवणाच्या पानावर भांडण होईपर्यंत गेलेला आहे.

माझं माहेर गिरगावातलं, ठाकूरद्वारच्या बाजूचं. आईचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, पण सपाट जागेवर. गिरगावात सपाट जागा कुठून आणायची? मेट्रो ३ चं काम जोरात होतं, जगन्नाथ शंकरशेट रस्ता पत्रे ठोकून अर्धा बंद केलेला, गल्ल्यांत दोन्ही बाजूंना स्कूटरी, उरलेल्या फूटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले. चर्नी रोडचा पूल ओलांडून समुद्रावर जाणं एवढाच मार्ग होता. तारापोरवाला मत्स्यालयापासून पारशी जिमखान्यापर्यंत आई हळूहळू जायची, कठड्यावर बसायची, परत यायची. काठी घेऊन सुरुवात केली होती, ती काठी सुटली ती तिथे. तिला तिथे दोन मैत्रिणीही मिळाल्या, एक गुजराती आणि एक पारशी. त्या भेटल्या नाहीत तर तिला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी ती कठड्यावरून उठली. पदर सारखा केला आणि मैत्रिणीला काहीतरी सांगता सांगता एक पाऊल मागे सरली. मागून एक मुलगा सायकलवर आला, कठड्याला लागून, चांगल्या वेगात. हँडल तिच्या कोपराला लागलं आणि ती उजव्या हातावर पडली. मी चार पावलं पुढे होते. वळून पाहिलं तर आई खाली बसलेली, चष्मा लांब पडलेला आणि तो मुलगा ओणवा होऊन मागच्या चाकाचा गिअर वाकला का ते बघतोय. मग म्हणाला, "काकू, मी घंटी वाजवली होती." पुन्हा पुन्हा हेच. मी वाजवली होती, मी वाजवली होती.

वाजवली असेलही. पण भरतीची वेळ होती, लाटा टेट्रापॉडवर, म्हणजे कठड्याखालच्या काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांवर, आपटत होत्या, वारा समुद्राकडून होता. त्या जागी शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, मागून येणारी घंटी कुठून ऐकू येणार? समुद्रकाठी घंटी ही सूचना होऊच शकत नाही.

धावत आला तो चहावाला. सायकलला थर्मास लावून चहा विकतात ना, त्यांतला एक. त्याने सायकल कठड्याला टेकवली, आईला पाणी पाजलं, वर्तमानपत्राची जाड घडी करून तिच्या हाताखाली धरली आणि टॅक्सी मिळेपर्यंत तशीच धरून उभा राहिला. हा माणूस रोज त्या फूटपाथवर असतो, त्याचं पोट त्या सायकलवर आहे, आणि तो ती हाताने ढकलत नेतो. मी त्याला कधी तिथे पायडल मारताना पाहिलेलं नाही.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हात बराचसा बराही झाला. पण आई समुद्रावर परत गेली नाही. खूप समजावलं. आता ती चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. मला हाड मोडल्याचा एवढा राग नाही, जेवढा या गोष्टीचा आहे.

आता भावोजींकडे येते. माझे दीर, रविवारी पहाटे ग्रुपबरोबर सायकल चालवतात, फार मनापासून चालवतात. त्याच वर्षी गणपतीत सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाले, "वहिनी, वाईट वाटतं, पण तुमच्या आईंनीही मागे बघायला हवं होतं. रस्त्यावर आमचा जीव जातो, फूटपाथवर फार तर खरचटतं." वर त्यांनी व्हँकुव्हरचं उदाहरण दिलं. तिकडे स्टॅन्ली पार्कच्या समुद्रभिंतीवर सगळे एकत्र फिरतात म्हणे.

माझा भाचा व्हँकुव्हरला राहतो. त्याला विचारलं. तिथे बहुतेक ठिकाणी चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी आहे, सायकलींना एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट जावं लागतं, वेगाची मर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे आणि अरुंद जागी उतरून सायकल ढकलावी लागते. म्हणजे भावोजींचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

हिशोब तर साधा आहे. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटरने जातो. सायकल ताशी २० ने जात असेल तर सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोर माणूस आला हे कळून ब्रेक दाबायला एक सेकंद धरा. तेवढ्यात साडेपाच मीटर संपले, आणि सायकल थांबायला अजून सुरुवातही झालेली नाही. पावसाळ्यात फरशीवर खारं पाणी असतं तेव्हाचं तर बोलूच नका. आणि समुद्रकाठी कोणी सरळ रेषेत चालत नाही. लोक थांबतात, लाटेकडे वळतात, फोटोसाठी मागे सरकतात, मुलं हात सोडून पळतात. लोक तिथे जातात ते यासाठीच. मुंबईत मागे न बघता एक पाऊल मागे सरता येईल अशा जागा उरल्यात किती?

भावोजींचा एक मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, रस्त्यावर सायकलवाल्याला धोका आहे. पण तो गाड्यांमुळे आहे. मग जागा गाड्यांकडून मागा. मरीन ड्राइव्हला सहा पदरी रस्ता आहे. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी संडे स्ट्रीट सुरू केलं, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हच्या रस्त्याचा भाग गाड्यांना बंद ठेवला, तेव्हा डांबरावर सायकली, स्केटिंग, सगळं सुखाने चाललं होतं आणि फूटपाथवरच्या म्हाताऱ्या माणसांना कोणाचा धक्का लागत नव्हता. बीकेसीमध्ये, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, २०११ साली सायकल ट्रॅक बांधला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि आता रस्ता रुंद करण्यासाठी तो ट्रॅकच काढायचं ठरलं. त्याविरुद्ध जेवढं ओरडायला हवं होतं तेवढं सायकलवाले ओरडले नाहीत. मोटारवाल्यापुढे बोलता येत नाही म्हणून चालणाऱ्याला सरकवायचं, याला मिळून वापरणं म्हणत नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी एखाद्या मैदानात नाहीतर सोसायटीच्या आवारात हात बसवा. मग पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान, पुढे-मागे दिवा लावून, एखाद्या ग्रुपबरोबर रस्त्यावर या. त्या वेळी वाहतूक कमी असते आणि घोळक्यातली सायकल गाडीवाल्याला दिसते. कोस्टल रोडलगतचा नवा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, तो २० मीटर रुंद आहे आणि त्याच्या आराखड्यातच सायकल ट्रॅक धरलेला आहे. तिथे जाऊन बघा. कोस्टल रोडच्या मुख्य रस्त्यावर आणि सी लिंकवर मात्र सायकलला बंदी आहे, तिकडे वळू नका. आणि खाऱ्या वाऱ्यात फिरून आलात की चेन पुसून तेल घालत जा, नाहीतर महिन्याभरात गंज चढेल.

लहान मुलांना यातून वगळते. आजोबांचा हात सीटवर असलेली छोटी सायकल फूटपाथवरच हवी, तिला रस्त्यावर पाठवा असं कोण म्हणेल? अपंगांची तीनचाकीही तिथेच हवी. आणि सगळे सायकलवाले त्या मुलासारखे नसतात हेही खरं. भावोजी स्वतः फूटपाथवर कधी चढत नाहीत, तरी बाजू त्या मुलाची घेतात, हे मला अजून समजलेलं नाही.

त्यांना मी एवढंच म्हटलंय की मरीन ड्राइव्हच्या रस्त्यातली एक मार्गिका रोज सकाळी सायकलींना द्या, असा अर्ज महापालिकेला लिहा. मी सही करीन, आईची घेईन, चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची आणून देईन. तुम्ही लिहिलात तर तुमच्याही अर्जावर.