९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलचा अर्थ लिहिला, तरी मार्क का कापला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावीत आहेस, कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला खऱ्या सरासरीचा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा अंदाज) बरोबर काढलास, १९ ते २१ आला. पण खाली 'म्हणजे खरी सरासरी १९ आणि २१ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के' असं लिहिलंस आणि तिथे अर्धा मार्क गेला. का गेला, ते कुणी सांगितलं नाही.

बारावीत आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतो. मी जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं. हेच वाक्य पहिली तीन-चार वर्षं मी स्वतः फळ्यावर असंच लिहीत होतो. तेव्हा अर्ध्या मार्काचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

पुस्तकात बल्बचं आयुष्य असतं. आमच्याकडे बल्बपेक्षा केळीचे घड तोलणं सोपं. समज, पाच हजार खोडांची बाग कटाईला आली आहे. घडाचं सरासरी वजन किती? सगळे तोलले तर नेमकं कळेल, पण तोवर बाग कापून झालेली असेल. म्हणून ३६ घड तोलले. सरासरी आली २० किलो, प्रमाण विचलन (घड सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत, ते) ३ किलो. ३६ चं वर्गमूळ ६, ३ भागिले ६ म्हणजे अर्धा किलो. ही झाली प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होते, ते. तिची दुप्पट खाली, दुप्पट वर: १९ ते २१. (पुस्तकी गुणक १.९६, पण बांधावर २ चालतो.)

एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण तो तुझ्या चुकीपेक्षा मोठा आहे. ९५ टक्के घड १९ ते २१ किलोचे आहेत, असा याचा अर्थ अजिबात नाही. घड साधारण १४ पासून २६ किलोपर्यंत पसरलेले असतील. १९ ते २१ हा अंदाज एकेका घडाचा नाही, सरासरीचा आहे.

आता तुझं वाक्य. बागेची खरी सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. कुणाला माहीत नसली तरी ती ठरलेलीच आहे, आपण तोलतो म्हणून ती हलत नाही. हलतो तो इंटरव्हल. उद्या दुसऱ्याने दुसरे ३६ घड तोलले तर त्याचा १८.६ ते २०.७ येईल, तिसऱ्याचा आणखी वेगळा. तुझा १९ ते २१ एकदा कागदावर उतरला की खरी सरासरी त्यात आहे किंवा नाही. ९५ टक्के आत, असं काही नसतं.

मग ९५ कुठून आले? हे मला वर्गात समजावता येईना, म्हणून एका वर्षी आप्पांच्या बागेच्या कटाईला २०० घडांची वजनं वहीत उतरवली, चिठ्ठ्या केल्या आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. डब्याची खरी सरासरी मला माहीत होती, १९.४ किलो. ती फळ्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली. वर्गात चाळीस पोरं-पोरी. प्रत्येकाने ३६ वेळा चिठ्ठी काढायची, वजन लिहायचं, चिठ्ठी परत टाकायची, आणि स्वतःचा इंटरव्हल काढायचा. दोन तास त्यातच गेले, शेजारच्या वर्गातून तक्रारही आली. फळा फिरवला तेव्हा चाळीसपैकी सदतीस इंटरव्हलांत १९.४ होता, तिघांच्यात नव्हता. पाच टक्क्यांच्या हिशेबाने दोन चुकायला हवे होते, तीन चुकले. चालतं.

त्या तिघांत वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती. तिचा इंटरव्हल १९.७ ते २१.५. तिने आकडेमोड तीनदा तपासली आणि विचारलं, "सर, माझं कुठे चुकलं?" कुठेच नाही. तिच्या हाताला जरा जड चिठ्ठ्या जास्त लागल्या, एवढंच. आणि मुख्य गोष्ट ही की फळा फिरवला नसता तर तिला हे कधीच कळलं नसतं. परीक्षेत आणि शेतात फळा फिरवायची सोय नसते. आपण चाळिसातले सदतीस आहोत की तीन, हे माहीत नसताना उत्तर द्यायचं असतं. ९५ टक्के ही त्या रीतीची पत आहे, हातातल्या एका इंटरव्हलची नव्हे.

हे पचायला जड वाटत असेल, तर मोठमोठ्यांनाही जड गेलं होतं. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ही कल्पना मांडली, तेव्हा तिथले संख्याशास्त्रज्ञ आर्थर बोली यांनी हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे 'कॉन्फिडन्स ट्रिक', हातचलाखी, तर नाही ना, अशी शंका तिथल्या तिथे काढली. बेझच्या पद्धतीने (आधीचा अंदाज नव्या मापांनी सुधारणारी दुसरी रीत) गेलं तर तुझ्यासारखं वाक्य लिहिता येतं, पण त्यासाठी घड तोलण्याआधीच सरासरीबद्दलचा आपला अंदाज गणितात मांडावा लागतो. तुझ्या प्रश्नात तो नव्हता.

पुस्तकात ज्याला दोन ओळी मिळतात, त्यावर मी जास्त वेळ घालवतो: ते ३६ घड निवडले कसे? व्यापारी बाग बघायला आला की आप्पा त्याला विहिरीकडच्या ओळींतून फिरवायचे. तो मात्र मान हलवत पार पलीकडच्या कोपऱ्यात जायचा, जिथे ठिबकचं पाणी जेमतेम पोचतं. दोघांनी आपापले ३६ घड तोलून इंटरव्हल काढले असते, तर दोघांचे सूत्राने बिनचूक आणि दोघांचे फसवे. अशा वेळी जास्त घड तोलूनही उपयोग नाही. तीच चूक आणखी ठामपणे होते, बस. सूत्रातले ९५ टक्के फक्त चिठ्ठी काढल्यासारखी निवड असेल तरच खरे.

म्हणूनच पीक कापणी प्रयोगात (शेतातला छोटा तुकडा कापून, तोलून उत्पादनाचा अंदाज काढतात तो) 'हे शेत बरं दिसतंय' असं म्हणायची मुभा नसते. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत आणि किती रुंदीत जायचं, ते यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे आलेले, अंक ठरवतात. ही पद्धत देशात रुजवण्यात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा, आपले सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नेमन लंडनला होते त्याच काळात ते तिथे शिकत होते. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर काठावरची झाडं 'आतच आहेत' म्हणून धरली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं. त्यावरून दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा वादही रंगला. मोजणारा लबाड नसतो, पण हात आतच वळतो.

बाकीचं पटकन. इंटरव्हल निम्मा करायचा तर घड दुप्पट नव्हे, चौपट लागतात: १४४ तोलले तर २० च्या दोन्हीकडे अर्धा-अर्धा किलो. बाग पाच हजार खोडांची की पन्नास हजारांची, याने जवळजवळ फरक पडत नाही. ९९ टक्के हवे असतील तर गुणक २.५८, म्हणजे १८.७ ते २१.३. शंभर टक्के हवे असतील तर 'शून्य ते शंभर किलो' सांग, कधीच चुकणार नाहीस, पण व्यापारी हसेल. आणि घड नऊच असतील तर २ चालणार नाही, २.३१ घ्यावा लागतो. हा टी-तक्ता (लहान नमुन्यांसाठीच्या गुणकांचा तक्ता) डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत काम करणाऱ्या गॉसेटची देणगी. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून त्याने १९०८ चा लेख 'स्टुडंट' या नावाने छापला.

पेपरात असं लिही: 'याच पद्धतीने पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने घेऊन इंटरव्हल काढले, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के इंटरव्हलांत समष्टीची खरी सरासरी असेल.' समष्टी म्हणजे इथे सगळी बाग. तोंडी बोलताना 'आम्हाला ९५ टक्के विश्वास आहे' चालतं.

पटत नसेल तर चिठ्ठ्यांचा खेळ घरी करून बघ. ३६ नकोत, १६ काढ, गुणक २.१३ घे, आणि वीस वेळा कर. चिठ्ठी परत टाकल्यावर डबा मात्र दर वेळी नीट हलव.