मांजरांना ड्राय फूडवरून कच्च्या चिकनवर कसं आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरला फ्लॅटमध्ये तीन वर्षांचा, चार किलोचा बोका आणि पाच महिन्यांचं पिल्लू आहे, दोघंही ड्राय फूडवर. उन्हाळ्यात बोक्याची लघवी अडकली, नळी घालावी लागली. आता ओळखीतलं कुणी म्हणतंय की कच्चं मांस सुरू करा, पुन्हा हा त्रास होणार नाही. डॉक्टर मात्र नको म्हणतात.

बोक्याला सध्या डॉक्टरांनी लघवीसाठीचं खास फूड दिलं असेल, तर ते सोडवण्याची घाई अजिबात करू नका. त्यात मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि लघवीची आम्लता यांचा हिशोब बसवलेला असतो आणि घरच्या चिकनला तो हिशोब माहीत नसतो. बोका लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन कुंथतोय आणि थेंबही पडत नाही, असं पुन्हा दिसलं तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. सकाळपर्यंत वाट पाहिली तर जीव जाऊ शकतो.

आता कच्च्या मांसाचा जो फायदा तुम्हाला सांगितला गेला, तो मुख्यतः पाण्याचा आहे. मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, शिकारीतूनच पाणी मिळवणारे. त्यामुळे तहान लागून भांड्याकडे जाण्याची सवय त्यांना फारशी नाही. चार किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण दोनशे मिली पाणी लागतं. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के, म्हणजे साठ ग्रॅम खाल्लं तर पोटात सहा मिली गेलं. चिकनमध्ये ते सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं. दीडशे ग्रॅम चिकनमधून शंभर मिलीच्या वर पाणी आपसूक जातं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो, तेव्हा हा फरक मोठाच आहे. पण चिकन शिजवून, रश्श्यासकट दिलं तरी हेच पाणी मिळतं. वेट फूडच्या पाउचमधूनही मिळतं. त्यासाठी मांस कच्चंच असायला हवं असं नाही.

म्हणूनच कच्चं की शिजवलेलं हा वाद मी नंतरचा मानतो. त्याआधीचा घोळ वेगळाच आहे. आपल्याकडे ‘रॉ डाएट’ म्हणजे बहुतेक घरांत पाव किलो बोनलेस ब्रेस्ट, कापून, वाटीत. मांजर आवडीने खातं, अंगावर तकाकी येते, सगळे खूश. त्यात कॅल्शियम मात्र जवळजवळ नसतंच, फॉस्फरस भरपूर. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. वाढत्या पिल्लांत हे फार लवकर दिसतं: लंगडणं, उडी मारायला नकार, साध्या पडण्याने मोडलेलं हाड. तुमच्या पिल्लावर हा प्रयोग वर्षाचं होईपर्यंत करूच नका. त्याला पिल्लांसाठीचं तयार वेट आणि ड्राय फूड चालू ठेवा.

दुसरी गोष्ट टॉरिन, मांसातून मिळणारं एक पोषकद्रव्य. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय ढिलं पडून फुगतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक पॉल पायन यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली हा हृदयाचा संबंध दाखवला, आणि गंमत म्हणजे ती मांजरं कंपनीचं तयार फूड खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आपल्या वाटीतल्या ब्रेस्ट पीसमध्ये ते वाढवायला कोण येणार? मांडीच्या गडद मांसात ते ब्रेस्टपेक्षा बरंच जास्त असतं, हृदयात तर चांगलंच. दुकानात ‘दिल’ म्हणून मागा. कलेजी-पेटा घेताना कलेजी मोजून, एकूण मांसाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. रोज कलेजीच दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके आखडतात. कच्च्या मासळीचा सपाटा तर नकोच. काही माशांमधला एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो.

मग जंतूंचा मुद्दा. आपल्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात जरा पाच मिनिटं उभं राहून बघा. कोंबडी ड्रममध्ये, मग पिसं काढायच्या यंत्रात, मग त्याच ओंडक्यावर आतडी काढणं आणि त्याच ओंडक्यावर तुमचं बोनलेस. सुरा बादलीतल्या पाण्यात बुडवला की धुतला. दुकानदाराचा यात दोष धरत नाही, गिऱ्हाईक घरी नेऊन शिजवणार हे त्याने गृहीत धरलंय. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू फ्रीझरमध्ये मरत नाही, नुसता थांबून राहतो. मांजर स्वतः कदाचित पचवेल, पण त्याची वाटी, ओटा, तुमचा हात, लिटर या सगळ्यातून तो घरात फिरतो. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस असेल तर कच्चं मांस नाहीच.

बर्ड फ्लूबद्दल तुमच्या त्या ओळखीच्यांनी काही सांगितलं नसावं. २००६ मध्ये देशातली पहिली साथ आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबारच्या नवापूरला आली होती. तेव्हा चिंता कोंबड्यांची होती. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, आणि संशय खाण्यात आलेल्या कोंबडीच्या मांसावर होता. पुढच्या काही आठवड्यांत मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरच्या मांजरांतही तो सापडला. मार्जारकुळाला हा रोग जबरदस्त लागतो. गोठवून हा विषाणू जात नाही, शिजवून जातो. माझ्यापुरता वाद तिथेच संपला.

आमच्याकडे दोन मांजरी आहेत आणि त्यांना मी हलकं शिजवलेलं देतो. (आईच्या स्वयंपाकघरात चिकनला मज्जाव आहे, म्हणून बाल्कनीत इंडक्शन, वेगळं पातेलं, आणि श्रावणात तर बाल्कनीचं दारही लावून घ्यायचं.) मांडीचं बोनलेस आणि थोडे दिल-कलेजी, अगदी कमी पाण्यात, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, सगळं एकत्र मिक्सरला फिरवायचं. कांदा, लसूण, मीठ, हळद काही नाही. गार झालं की अर्धा किलो मांसाला अंड्याच्या टरफलाची पूड साधारण तीन ग्रॅम. टरफलं उकळून, वाळवून, मैद्यासारखी बारीक केलेली. टॉरिनची पावडर किलोला दीड-दोन ग्रॅम. शिजवलेलं हाड कधीच नाही, ते टोकदार फुटतं. एवढ्यानेही आहार पूर्ण होत नाही. ई आणि ब जीवनसत्त्वं, आयोडीन, जस्त यांच्यासाठी मिश्रण डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि लघवीची तपासणीही करत राहा. डॉक्टरांना ‘घरचं देऊ का’ असं मोघम विचारू नका. वजनासकट कृती लिहून न्या, मग ते नीट बोलतात.

बदलायचं कसं, तर आधी दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचला. दोन-तीन ठरलेल्या वेळा, वीस मिनिटं, मग वाटी आत. भूक लागायला लागली की आठवडाभराने वेट फूड, ते जमलं की त्यात चमचाभर घरचं. बोका वास घेईल, पंजा झटकेल आणि वाटीभोवतीची फरशी खरवडून ते पुरायला बघेल. मनाला लावून घेऊ नका, उद्या पुन्हा ठेवा. अन्न कोमट हवं, फ्रिजमधलं गार मांजराला अन्नच वाटत नाही. वरून त्याच्याच ड्राय फूडचा चुरा भुरभुरवला की बरीच मांजरं फसतात. महिना-दोन महिने लागले तर लागू द्या.

फक्त उपाशी ठेवून जिंकायचा प्रयत्न नको. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला चालतं. जाडजूड मांजर दोन-तीन दिवस न जेवता राहिलं तर चरबी यकृतात साठून यकृत बसतं. चोवीस तास तोंड लावलं नाही तर जुनं फूड परत द्या, तरीही खात नसेल तर डॉक्टरांकडे. दर आठवड्याला त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. शी कमी आणि कोरडी झाली तर घाबरू नका, पातळ शी दोन दिवसांच्या वर गेली किंवा रक्त दिसलं तर थांबा.

आणि डॉक्टर हो म्हणाले तर ड्राय फूडचा थोडा घास आठवड्यातून एकदा चालू राहू दे. दिवाळीत गावाला जाताना त्याला बोर्डिंगमध्ये किंवा शेजाऱ्यांकडे ठेवाल, तेव्हा तिथे कुणी टरफलाची पूड मोजत बसणार नाही.