ब्रेडचे वॉफल: पहिल्याच रविवारी जमतील

घाबरू नका, घावन घालण्यापेक्षा सोपं आहे. ब्रेड मात्र कालचा घ्या. ताजा मऊ ब्रेड भिजून वॉफलच्या चौकडीदार साच्याला चिकटतो. ४ स्लाइसना १ अंडं, अर्धी वाटी नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. बुडवून ठेवायचं नाही, दोन्ही बाजू टेकवा नि उचला.

नवखे चुकतात ते इथे:
– साचा पुरता तापायच्या आत ब्रेड ठेवणं. आधी तुपाचा हातही फिरवा.
– मधेच उघडून बघणं. वाफ थांबेपर्यंत धीर धरा, नाहीतर दोन तुकडे! (माझे पहिले तीन मांजरीने खाल्ले.)
– ताटात रचणं. आपल्या मालवणच्या दमट हवेत लगेच मऊ पडतात, जाळीवर ठेवा.

गूळ मिश्रणात नको, करपतो. शिरवाळ्यांसोबत (तांदळाच्या शेवया) असतो तसा गूळ-नारळाच्या दुधाचा गोड रस वरून घ्या. बाकी प्रयोग पुढे.